शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन : तुर्भे गोदाम, पावसाळा २०२५, प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५

कामाची हद्द ठरली. तुर्भ्याच्या घाऊक धान्य बाजारात उतरणारे शेंगदाणे, गोदामातले त्यांचे पावसाळ्याचे महिने आणि त्या काळात अफ्लाटॉक्सिनमध्ये, म्हणजे बुरशीने दाण्यांत तयार केलेल्या विषामध्ये, होणारा फरक. मिरची, मका, सुके अंजीर यांनाही हीच बुरशी लागते, पण एका हंगामात एकच जिन्नस नीट पाहायचा. शेंगदाणा घेण्याचे कारण सरळ आहे. आषाढी, श्रावण, नवरात्र हे सगळे उपवास पावसाळ्यात किंवा तो संपता संपता येतात. दाण्याच्या कुटाला मागणी वाढते तेव्हाच गोदामातली हवा सर्वांत वाईट असते.

ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट हिरवी बुरशी बी१ आणि बी२ ही अफ्लाटॉक्सिने तयार करते. ॲस्परजिलस पॅरासिटिकस त्यांच्या जोडीला जी१ आणि जी२ सुद्धा करते. चौघांत बी१ सर्वांत घातक. अफ्लाटॉक्सिने माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेले आहे. मार यकृतावर बसतो, आणि ज्याला हिपॅटायटिस बीची लागण आहे त्याला धोका कित्येक पटींनी वाढतो.

अहवालात मोजायच्या मर्यादा, सर्व मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग): भारतात पुढील प्रक्रियेसाठीचे दाणे एकूण १५, थेट खायचे १०. युरोपात थेट खायच्या दाण्यांना बी१ २ आणि एकूण ४. निवडून साफ करायच्या मालाला बी१ ८ आणि एकूण १५. न्हावा शेव्याहून जाणारा माल आणि वाशीच्या दुकानात जाणारा माल एकाच थप्पीतून निघू शकतो, म्हणून दोन्ही मर्यादा प्रत्येक अहवालावर छापायच्या.

१६ मे

नमुना कसा काढायचा यावरच दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. या कामातली सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेत होत नाही, गोणीपाशी होते.

विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्यात प्रचंड साठा असतो. हिशेब करून पाहा. एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा. त्यात १,००,००० पीपीबी असले तर (याहून जास्त असलेले दाणेही सापडलेले आहेत) त्या एका दाण्यात ५० मायक्रोग्रॅम विष झाले. तो ५ किलोच्या नमुन्यात आला की तेवढ्यानेच आकडा १० पीपीबी. नाही आला की शून्य. दोन्ही अहवाल एकाच लॉटचे, आणि दोन्ही प्रयोगशाळांनी काम चोख केलेले. व्यापारी गोणीतून मूठभर दाणे काढतात, रंग बघतात, एक-दोन चावून बघतात. खवटपणा ओळखायला ते पुरेसे आहे. अफ्लाटॉक्सिनला चव नाही, वास नाही.

म्हणून पद्धत ठरली ती अशी: १५ टनांचा ट्रक, ५० किलोच्या ३०० गोण्या. प्रत्येकी सुमारे २०० ग्रॅमचे १०० उपनमुने, एकूण २० किलो. दर तिसरी गोणी. पहिल्या तिनांतली कोणती हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. उपनमुने माल उतरत असतानाच घ्यायचे, थप्पी लागल्यावर नाही. एकदा थप्पी लागली की नमुना काढायची नळी फक्त बाहेरच्या गोण्यांत पोहोचते आणि मधला माल कुणीच तपासत नाही. माथाडी कामगारांच्या मुकादमाशी बोलून ठेवले आहे: ठरलेली गोणी काट्याजवळ बाजूला ठेवली जाईल, नळी तिरपी गोणीच्या मध्यापर्यंत जाईल, आणि एकदा वरून, एकदा मधून, एकदा तळातून असे आलटून पालटून घेतले जाईल.

२० किलो दाणे दळून वाया जातात ही मालवाल्यांची तक्रार रास्त आहे. पण १ किलोचा नमुना काढून १५ टनांवर शिक्कामोर्तब करणे हे त्यांच्याही हिताचे नाही. तसा "पास" झालेला माल परदेशी बंदरात अडकतो तेव्हा नुकसान २० किलोचे नसते.

२२ मे

दळण. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल. कोरडे दळले की पीठ होत नाही, लोणी होते. ते पात्याला चिकटते, तापते आणि एकजीव होत नाही. म्हणून पाण्यात दळायचे.

५ किलो दाण्यांना ७.५ लिटर पाणी. असे चार घाणे काढून सगळे एका स्टीलच्या पिंपात ओतायचे आणि ढवळणी चालू ठेवायची. पाण्यात दळलेला हा रगडा बोटांत चोळल्यावर कण लागू नयेत इतका बारीक हवा. ढवळणी थांबली की जड भाग खाली बसतो, म्हणून चाचणीचा भाग ढवळणी चालू असतानाच मधल्या खोलीवरून घ्यायचा.

१ भाग दाणे आणि दीड भाग पाणी या प्रमाणाचा एक फायदा आहे. ६२.५ ग्रॅम रगड्यात २५ ग्रॅम दाणे आणि ३७.५ ग्रॅम पाणी येते. त्यात ८७.५ मिली शुद्ध मिथेनॉल घातले की विष सोडवणारा द्रावक आपोआप १२५ मिली, मिथेनॉल आणि पाणी ७०:३० होतो. वेगळे पाणी घालायचे नाही. सवयीने कुणी तयार ७० टक्के मिथेनॉल ओतले तर द्रावक पातळ पडतो आणि विष पुरते सुटत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

रगडा त्याच दिवशी विषाच्या काढणीला घ्यायचा, नाहीतर उणे २० अंशांना गोठवायचा. मुंबईच्या हवेत तो रात्रभर उघडा राहिला तर त्यातच नवी बुरशी धरते. दळताना हातमोजे आणि एन९५ मास्क. खराब दाण्यांची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

२६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल, हवामान खात्याच्या नोंदीतला सर्वांत लवकरचा. गोदामात तापमान व आर्द्रता नोंदवणारी यंत्रे आजच बसवली: दाराशी, थप्पीच्या पोटात दोन गोण्यांच्या मध्ये, पश्चिमेच्या भिंतीलगत, आणि पत्र्याखाली.

३ जून

उन्हाळी भुईमुगाचा पहिला लॉट. या पिकाची काढणी मे-जूनची, आणि यंदा पावसाने ती वाळवणीतच गाठली आहे. उपटलेल्या वेलींना शेंगा असतानाच पाऊस लागला की शेंग पुन्हा ओली होते, टरफल मऊ पडते, आणि दाणा कित्येक दिवस बुरशीला हव्या त्याच ओलीत राहतो.

आर्द्रतामापकाने ७.२ टक्के दाखवले. त्याच दाण्यांची भट्टीतली चाचणी ८.४. दाणा नुकताच उन्हातून आलेला असेल तर बाहेरून कोरडा आणि आतून ओला असतो. विद्युतरोधावर चालणारे यंत्र बाहेरचेच वाचते. असे दाणे बंद डब्यात एक रात्र ठेवून मग मोजले तर फरक कमी होतो. भट्टीची पद्धत: दाणे जाडसर कापून १०३ अंशांना ३ तास, शोषकपात्रात थंड करून वजन, पुन्हा १ तास, वजन स्थिर होईपर्यंत. प्रत्येक नव्या गावच्या मालाला यंत्र एकदा तरी भट्टीशी पडताळायचे.

हा सव्वा टक्का किरकोळ नाही. सोललेल्या दाण्यांसाठी सुरक्षित रेषा ७ टक्के. तेवढ्या ओलीला दाण्याभोवतीची हवा ७० टक्के आर्द्रतेवर स्थिरावते आणि ही बुरशी वाढत नाही. तिला वाढायला साधारण ८० टक्के लागते, विष बनवायला त्याहून थोडे जास्त. तापमान तर आपल्याकडे बाराही महिने तिच्या सोयीचे, २५ ते ३५. आवरायला हातात आहे ती फक्त ओल.

११ जून

रगड्यातून विष काढण्याची आणि मोजण्याची पद्धत पक्की केली.

६२.५ ग्रॅम रगडा, ५ ग्रॅम मीठ, ८७.५ मिली मिथेनॉल. मिक्सरमध्ये पूर्ण वेगाने २ मिनिटे. घडीच्या गाळण कागदातून गाळायचे. गाळलेल्यातले १५ मिली घेऊन त्यात ३० मिली पाणी. आता ते दुधाळ होते, कारण तेल आणि प्रथिने बाहेर पडतात. म्हणून काचतंतूंच्या गाळणीतून पुन्हा गाळायचे. ही पायरी वगळली तर पुढचा कॉलम तुंबतो. या विरळ द्रावातले १५ मिली म्हणजे बरोबर १ ग्रॅम दाणे. ते प्रतिपिंडांच्या कॉलममधून (विष पकडून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून) सेकंदाला एक-दोन थेंब या गतीने सोडायचे. पंप मारून घाई केली तर विष न पकडताच वाहून जाते. १० मिली पाण्याने दोनदा धुवायचे, कॉलम हवेने कोरडा करायचा, मग १ मिली मिथेनॉलने विष उतरवून घ्यायचे.

कॉलमची क्षमता १०० नॅनोग्रॅम आहे. १ ग्रॅम दाण्यांत १०० पीपीबीपेक्षा जास्त असेल तर वरचे सगळे सुटून जाते आणि आकडा कमी दिसतो. सर्वांत विषारी लॉटच सौम्य दिसायचा धोका इथे आहे. म्हणून ८० च्या वर आलेला प्रत्येक नमुना दहापट विरळ करून पुन्हा चालवायचा. निवडून काढलेल्या खराब दाण्यांना तर आधीपासूनच विरळ करायचे.

मोजणी एचपीएलसीवर (द्रावातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र), सी१८ कॉलम, पाणी, ॲसिटोनायट्राइल आणि मिथेनॉल ६०:२०:२०. प्रकाशमापक ३६५ नॅनोमीटरवर उत्तेजन, ४३५ वर वाचन. क्रम जी२, जी१, बी२, बी१. पाणी असलेल्या या द्रावात बी१ आणि जी१ फार मंद चमकतात. त्यामुळे त्यांची चमक वाढवायला कॉलमनंतर २५४ नॅनोमीटरच्या दिव्याभोवती गुंडाळलेल्या नळीतून द्राव न्यावा लागतो. दिवा जुना झाला की बी२ ठीक दिसतो आणि बी१ खचतो. या दोघांचे प्रमाणद्रावातले (माहीत प्रमाणाच्या द्रावातले) गुणोत्तर रोज लिहायचे. दिव्याची तब्येत त्यावरूनच कळते. प्रत्येक खेपेला स्वच्छ दाण्यांत १० पीपीबी घालून परतावा, म्हणजे घातलेल्यातले किती मोजणीत सापडले ते, पाहायचा. ७० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेला तर ती खेप रद्द.

२४ जून

बाजारातच वापरायच्या चाचणीपट्ट्या आणि अतिनील दिवा, दोन्ही पाहिले.

पट्ट्या चालतील. फक्त त्यांनाही हाच २० किलोंचा रगडा द्यायचा, मूठभर दाणे नव्हे. शिवाय त्या ठरलेल्या तापमानातच वापरायच्या. पत्र्याच्या गोदामात दुपारी मोजणी नको, ऑफिसच्या खोलीत करायची. मिरचीला याच पट्ट्या वापरायचा मोह होईल, पण मिरचीचा रंग आणि तिखटाचे घटक चाचणीत ढवळाढवळ करतात. ज्या जिन्नसासाठी पट्टी पडताळलेली आहे त्यालाच ती.

दिव्याखाली दिसणारी पिवळट हिरवी चमक अफ्लाटॉक्सिनची नसते. ती बुरशीच्या कोजिक आम्लापासून बनलेल्या दुसऱ्याच पदार्थाची. भरडलेल्या मक्यात संशयाचा इशारा म्हणून ती उपयोगी, शेंगदाण्यात निकाल म्हणून निरुपयोगी. "चमकले नाही म्हणजे स्वच्छ" असे गोदामात कुणी म्हणू नये यासाठी दिवा तिथून परत आणला.

८ जुलै

आषाढीचा माल निघून गेला, गोदाम अर्धे रिकामे. यंत्रांच्या नोंदी उतरवल्या. दाराशी आर्द्रता रोज ८५ च्या वर. थप्पीच्या पोटात ७२. भिंतीलगतच्या रांगेत ८१.

७ टक्के ओलीचे दाणे ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत राहिले तर ते हवेतले पाणी ओढून हळूहळू १० टक्क्यांकडे सरकतात. ज्यूटची गोणी त्यांना अडवत नाही. मोठी थप्पी स्वतःच्या पोटाला सांभाळते, कडेच्या गोण्या भरडल्या जातात. त्यामुळे बदल असे: भिंतीपासून दोन फूट जागा, खाली लाकडी पॅलेट आणि पॅलेटवर जाड प्लास्टिक, वर पत्र्यापासून किमान तीन फूट. कडेची रांग आधी विकायची, पोटातली नंतर. आजवर उलटे होत होते, कारण नवा माल पुढे लागतो आणि पुढचाच आधी उचलला जातो.

"दारे उघडी टाका, हवा खेळू द्या" हा सल्ला ऑक्टोबरनंतर बरोबर आहे. जुलैत तो घातक. बाहेरच्या हवेतले पाणी आतल्यापेक्षा जास्त असते, तेव्हा दार उघडणे म्हणजे माल भिजवणे.

१७ जुलै

एका मालवाल्याने शीतगृहातला साठा थेट गोदामात आणला. गोण्या ८ अंशांवर. बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू २६ च्या आसपास. २६ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणारच. गोणीत हात घातला तर वरच्या वीतभर दाण्यांची साल हाताला ओली लागत होती. काही दाण्यांची लाल साल सुटून बोटांना चिकटली. गोणीच्या मध्यावर दाणे थंड पण कोरडे. संध्याकाळपर्यंत तेही ओले झाले असते.

शीतगृह ही चांगली सोय आहे, तिथे बुरशी झोपून असते. गडबड बाहेर काढताना होते. योग्य रीत: शीतगृहातच गोण्यांवर प्लास्टिकची चादर चोहोबाजूंनी गच्च लावायची, तशाच बाहेर आणायच्या आणि माल बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत चादर उघडायची नाही. एक दिवस, मोठ्या ढिगाला दोन. दव चादरीच्या बाहेर धरते, पुसून टाकता येते. आजच्या गोण्या लगेच वेगळ्या केल्या. वरचे ओले दाणे काढून पातळ थरात, पंख्याखाली, हवा गरम करून पण ४० अंशांच्या आत ठेवून वाळवले.

२९ जुलै

निवडीची चाचणी. या प्रकल्पातली सर्वांत आशा देणारी नोंद.

३ जूनच्या लॉटमधले ५० किलो घेतले. १०० अंशांच्या आसपास, दाण्यातली ओल ४-५ टक्क्यांवर येईपर्यंत तापवले, थंड केले, चोळून लाल साल काढली. साल असताना दिसत नाहीत ते डाग आता दिसतात: पिवळट तपकिरी चट्टे, अंकुराजवळचा काळपटपणा, दोन पाकळ्यांच्या मधल्या पोकळीत राखाडी हिरवी बुरशी. शेवटचा प्रकार बाहेरून अगदी गोरागोमटा दिसतो, पाकळी उघडली तरच कळतो. म्हणून सुटलेल्या पाकळ्या पाखडून वेगळ्या पाहायच्या. उष्णता जास्त दिली तर चांगले दाणेही तांबूस होतात आणि डाग लपतात. निवडीआधी खरपूस भाजायचे नाही.

काढून टाकलेले दाणे २.१ किलो, राहिलेले ४७.९ किलो (सालीचे आणि ओलीचे वजन हिशेबातून वेगळे). निवडीआधी २३ पीपीबी, निवडल्यावर ६, काढलेल्या दाण्यांत ४१०. ताळा: ५० गुणिले २३ म्हणजे ११५० मायक्रोग्रॅम, ४७.९ गुणिले ६ म्हणजे २८७, २.१ गुणिले ४१० म्हणजे ८६१. बेरीज ११४८, जमली. म्हणजे चार टक्के दाण्यांत पाऊण विष होते.

भाजल्याने विष जाते हा समज पक्का बसलेला आहे. स्वयंपाकघरातल्या उष्णतेने त्याचा काही भाग कमी होतो, उरलेले टिकते. बुरशी मरते, विष राहते. घरी कूट करणाऱ्यांनाही हेच सांगायचे: आधी निवडा, मग भाजा, साल काढल्यावर पुन्हा एकदा नजर टाका, आणि सुरकुतलेला किंवा डागी दाणा चांगल्यात मिसळून संपवू नका.

१२ ऑगस्ट

काढलेल्या २.१ किलोचे काय? बाजाराची रूढ वाट ठरलेली आहे: स्वस्तातला माल घाण्यावर, पेंड तबेल्यात. ही वाट बंद करायला हवी.

तेल गाळून निघाले तरी विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. रिफायनरीतल्या क्षाराच्या धुण्याने तेलातले उरलेले जाते, पण लाकडी घाण्याच्या तेलाला ते धुणे नसते, आणि त्यात तरंगणारा गाळ विष घेऊन येतो. घाण्याला सर्वांत चांगला दाणा लागतो, सर्वांत हलका नव्हे.

पेंडीचा हिशेब: २०० पीपीबी बी१ असलेली पेंड म्हशीने रोज २ किलो खाल्ली, तर पोटात ४०० मायक्रोग्रॅम गेले. त्याचे १ ते २ टक्के, जास्त दूध देणाऱ्या जनावरात त्याहूनही अधिक, दुधात एम१ (जनावराच्या शरीरात बी१ चे होणारे रूप) म्हणून उतरते. २ टक्के धरले तर ८ मायक्रोग्रॅम. ८ लिटर दुधात लिटरला १. दुधाची मर्यादा ०.५. म्हणजे दुप्पट, आणि हे दूध उकळूनही तसेच राहते. खराब पेंड थांबवल्यावर मात्र काही दिवसांत दूध साफ होते, त्यामुळे तबेलेवाल्याला सांगण्यात अर्थ आहे.

या विषाचा शोधच खाद्यातून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले; कारण ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. आणि १९७४ मध्ये आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात, अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तो घरचा मका होता, दुसरे काही खायला नव्हते.

काढलेले दाणे जाळायला पाठवले. वजनाची पावती फाइलमध्ये.

२० ऑगस्ट

चार दिवस अतिवृष्टी. पश्चिमेच्या पत्र्याच्या जोडातून पाणी. ११ गोण्या भिजल्या. भिजलेली गोणी त्याच दिवशी वेगळी. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि वरून वाळलेली गोणी परत थप्पीत गेली तर नंतर ओळखताही येत नाही. सर्वांवर लाल रंगाचा पट्टा मारला, स्वतंत्र लॉट क्रमांक दिला. वाळवल्यावरही स्वतंत्र चाचणीशिवाय सोडायच्या नाहीत.

९ सप्टेंबर

हवाबंद पिशव्या. आत प्लास्टिकचे दोन थर, बाहेर विणलेली गोणी. तोंड पिळून, दुमडून, घट्ट बांधायचे. दाणे आणि किडे आतला प्राणवायू वापरून संपवतात, सोंडे मरतात, बाहेरची ओल आत येत नाही. जुलैत भरलेल्या दाण्यांची ओल आज ६.८, भरताना ६.७ होती, शेजारच्या ज्यूटच्या गोणीत तेच दाणे ९.१.

अट एकच: भरताना दाणे ७ टक्क्यांच्या आत हवेत. ओले दाणे भरले तर पिशवी ती ओल आतच कोंडते, वास मारतो, आणि एखादे भोक पडले की बुरशीला आयते घर. गोणी ओढायला वापरतात ते आकडे या पिशव्यांना लावायचे नाहीत. माथाडी कामगारांना दोन जणांनी उचलायची पद्धत दाखवली, त्यांनी ती लगेच उचलली.

६ ऑक्टोबर

खरिपाचा नवा माल आता सुरू होईल, बराचसा सौराष्ट्रातून. आडत्यांमार्फत पाठवायची टिपणे तयार केली. गोदाम कितीही चांगले ठेवले तरी शेतातून आलेले विष ते कमी करू शकत नाही. काढणीआधीच्या शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ओढ दिली आणि जमीन तापली, की जमिनीतच शेंगेला लागण होते. त्या काळात एखादे पाणी देता आले तर द्यावे. पाणी ताणलेल्या भागातल्या आणि शेताच्या कोरड्या कडेच्या शेंगा वेगळ्या ठेवाव्यात. वाळवीने पोखरलेल्या आणि कुदळीने फुटलेल्या शेंगा मळणीआधीच काढाव्यात. वेली उलट्या करून, शेंगा वर ठेवून वाळवाव्यात. सोलणे सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी मारतात, ते अजिबात नको.

नव्या लॉटच्या लेबलवर वाढवलेले रकाने: काढणीची तारीख, शेवटच्या महिन्यातला पाऊस, शेंगेवर पाणी मारले का, भट्टीतली ओल.

१४ ऑक्टोबर

दळणयंत्र आणि काचसामान नव्या हंगामासाठी साफ. काचसामान १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २ तास बुडवून, मग त्याच पाण्यात आकारमानाच्या ५ टक्के ॲसिटोन घालून अर्धा तास. नुसत्या हायपोक्लोराइटने बी१ पासून दुसरा घातक पदार्थ बनू शकतो, ॲसिटोन तो संपवते. हे सगळे धूर खेचणाऱ्या कपाटातच करायचे, आणि घट्ट हायपोक्लोराइटमध्ये ॲसिटोन कधीच ओतायचे नाही. दळणयंत्राची पाती पोलादाची आहेत, जास्त वेळ हायपोक्लोराइटमध्ये राहिली तर गंजतात. ती पुसून घ्यायची, लगेच धुवायची, कोरडी करून तेलाचा हात द्यायचा. पिंपाच्या तळाच्या तोटीत रगडा अडकून राहतो. तोटी सुटी करून ब्रशने साफ केली. पुढच्या लॉटच्या आधी स्वच्छ दाण्यांचा एक घाणा दळून त्याची मोजणी होईल, आणि त्यात विष आढळले नाही तरच नमुना यंत्रात जाईल.